राणीचं माप

आमच्या बाईंनी हयातभर बायकांची मापं घेतली आणि शिवणाचा क्लास बंद केल्यावर गाढवांची. यात हसण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि त्यांच्यासमोर हसायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती.

घाटकोपरला पश्चिमेकडे डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं एकमजली घर. खाली त्या एकट्या, वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून मी. मी साकीनाक्याच्या एका कंपनीत हिशेब तपासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन बाईंचं ऐकायचे. दोन्ही कामं सारखीच दमवणारी होती, पण दुसऱ्यात मजा यायची.

खोली बघायला गेले तेव्हा त्या पायमशीनवर बसल्या होत्या आणि गळ्यात पिवळी टेप होती. ती टेप अंघोळीला जातानाच काय ती उतरत असावी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता नोकरी, गाव, लग्न विचारणार.

"हा कुर्ता कुणी शिवला?"

"रेडीमेड आहे."

"ते दिसतंच आहे. खांदा दंडावर उतरलाय. खोली पसंत असेल तर उद्या सामान घेऊन ये. कुर्ता आत्ताच काढून दे, खांदा उचलून ठेवते."

मी तो दिला नाही. राहायला गेल्यावर चौथ्या दिवशी तो दोरीवरून गायब झाला आणि संध्याकाळी परत आला, तेव्हा त्यात मी पहिल्यांदा माणसात बसण्यासारखी दिसत होते. तक्रार करायला जागाच ठेवली नव्हती.

बाईंच्या हाताखाली आसपासच्या दोन पिढ्या शिवण शिकल्या. त्यांची कीर्ती ब्लाउजसाठी होती आणि त्यांच्याबद्दलची तक्रारही ब्लाउजचीच होती. बाई सैल ठेवत नसत. अर्धं बोटसुद्धा नाही. त्यांनी शिवलेला ब्लाउज अंगावर असा बसायचा की बघणाऱ्याने बघत राहावं, पण तो घातलेल्या बाईला स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा काढता यायचा नाही. हे एकीने धीर करून सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "डबा वर ठेवतेसच कशाला? ब्लाउज हा ब्लाउज असतो, पिशवी नाही." ती बिचारी घरी गेली आणि तिने डबे खाली आणले.

"आधी माप, मग मत," हे त्यांचं आवडतं वाक्य. एखादी मुलगी जाड झाली, वाळली, असलं काही कुणी म्हणालं की बाई लगेच विचारायच्या, "टेप लावली होतीस?" शेजारच्या इमारतीने हद्दीत पायरी वाढवलीय असा गल्लीत गलका झाला, तेव्हाही त्या टेप घेऊन गेल्या, वाकून मोजलं आणि जाहीर केलं की पायरी जागेवर आहे, तुमचे डोळे वाढलेत. दोन्ही बाजू नाराज झाल्या. बाई खुशीत घरी आल्या.

आता गाढवांचं सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला रस्ता संपतो आणि पायऱ्या लागतात. वर डोंगरभर वस्ती. तिथे कुणी खोलीवर माळा चढवायचा म्हटलं की रेती, विटा, सिमेंट वर न्यायचं कसं, हा प्रश्न. टेम्पो चढत नाही, हातगाडी चढत नाही. गाढवं चढतात. मारुती नावाच्या माणसाची पाच-सहा गाढवं होती आणि पायऱ्यांच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये ती बांधलेली असत. सकाळी मी कामाला निघायचे तेव्हा पाठीवर रेतीची पोती घेऊन ती एकामागे एक वर निघालेली असायची. आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि आपापल्या दिशेने जायचो.

त्यातली राणी ही राखाडी रंगाची गाढवीण एकदा पायऱ्यांवरून घसरली. पाय दुखावला. तो बरा झाला, पण मारुतीने तिला ओझ्याखालून सोडवलं. म्हणायचा, "लय केलं तिनं माझ्यासाठी. आता आराम." राणी दिवसभर बाईंच्या कुंपणाशी बदामाच्या झाडाखाली उभी राहायला लागली आणि गल्लीने तिला दत्तक घेतलं.

बेकरीवाला उरलेले पाव आणून टाकायचा. शाळेतून येणारी पोरं डब्यातली बिस्किटं घालायची. कुणाकडे पूजा असली की प्रसादाचा शिरा, कुणाकडे लग्न असलं की जिलबी. आणि रोज सकाळी समोरच्या घरातल्या कुंदाताई तूप-गूळ लावलेली गरम पोळी घेऊन यायच्या. कुंदाताई मूळच्या कुडाळच्या. नवरा गेलेला, मुलगा पुण्याला. "शीतळादेवीचं वाहन आहे हे," असं म्हणून आधी राणीच्या कपाळाला हात लावायच्या आणि मग एकेक घास तोडून भरवायच्या. "खा गो बाय, खा." त्या आवाजाला राणी कान टवकारायची.

राणी छान गोल झाली. मारुतीला केवढा अभिमान! "बघा ना तब्येत, एकदम झकास!" येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

बाई मशीनवर बसून खिडकीतून हे सगळं बघत होत्या. एका रविवारी त्या उठल्या, बाहेर गेल्या आणि राणीच्या अंगावरून हात फिरवायला लागल्या. लाड म्हणून नव्हे. अस्तर नीट लागलंय का हे बघताना कापडावरून बोटं फिरवतात तशी. मानेवर हात नेला. मानेच्या वरच्या कडेला चरबीची वळकटी जमली होती आणि ती एका बाजूला कलली होती. मग कुशीवर बोटं दाबली.

"मारुती, हिची बरगडी हाताला लागत नाही."

"खाऊनपिऊन सुखी आहे ना बाई, लागेल कशी?"

"आणि ही या पायावरून त्या पायावर का करते सारखी?"

बाईंनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तरुण होते आणि स्पष्ट बोलणारे होते. त्यांनी खुरांना हात लावला, खुरं गरम होती. म्हणाले, "हे जनावर रुक्ष मुलखातलं आहे. काडी-कचरा चघळत दिवस काढायचं याचं शरीर. याला पाव, गूळ, बिस्किटं म्हणजे विष. खुरं सुजायला लागलीत. असंच चाललं तर उभी राहणार नाही." उपाय साधा होता. गोड आणि मैदा बंद. दिवसभर सुका पेंढा, म्हणजे तोंड चालू राहील आणि अंगी फारसं लागणार नाही. खुरांची आग उतरली की थोडं चालवायचं. "पण एक लक्षात ठेवा. गाढवाला उपाशी ठेवायचं नाही, कधीच. एवढी चरबी असताना खाणं एकदम तोडलं तर ती चरबी रक्तात उतरते. मग वाचवणं कठीण."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "छातीचं माप कुठून घ्यायचं?"

डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत हे बघून त्यांनी पुढच्या पायांच्या मागून टेप कशी न्यायची ते दाखवलं. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी बाई राणीचं माप घ्यायच्या. क्लासातल्या मुलींना म्हणायच्या तसं तिलाही म्हणायच्या, "श्वास सोड गं." आणि राणी फुर्रकन सोडायचीसुद्धा. मी स्वतः पाहिलंय.

मग कुंपणाला पाटी लागली : 'राणीला कुणीही काहीही घालू नये.'

गल्लीला एवढं कळलं की राणीला कमी करायचंय. आता आपल्याकडे कमी करायचं म्हणजे काय करतात? उपास! पुढच्याच एकादशीला बदामाखाली बघते तर राणीपुढे साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, वर दोन शेंगदाण्याचे लाडू. तिघीचौघींनी स्वतंत्रपणे हाच विचार केला होता. एकीने तर खिचडीत तिखट न घालता फक्त मीठ घातलं होतं, मुक्या जीवाला झोंबू नये म्हणून. "पाटी जेवणापुरती आहे ना बाई, हे उपासाचं आहे," असा त्यांचा युक्तिवाद. बाईंनी ते सगळं उचललं आणि वर आणून माझ्यापुढे ठेवलं. मी दोन दिवस साबुदाणा खाल्ला. माझं माप त्यांनी घेतलं नाही, ही मेहरबानी.

बाकी सगळे हळूहळू वठणीवर आले. फक्त कुंदाताई बधल्या नाहीत. त्या पोळी घेऊन आल्या तेव्हा बाई फाटकात उभ्या राहिल्या.

"कुंदाताई, पोळी परत न्या."

"एवढी वर्षं घालतेय मी. काय झालं तिला?"

"जे झालंय ते तुमच्या पोळीनेच झालंय."

हे फार लागलं. कुंदाताईंचा चेहरा उतरलेला मला वरच्या खिडकीतून दिसला. "मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढताय बाई तुम्ही. देवी बघतेय," एवढं म्हणून त्या वळल्या आणि दार लावून घेतलं. त्यानंतर दोघी बोलेनाशा झाल्या. समोरासमोर दारं, मध्ये चार पावलांची गल्ली, आणि एकीने झाडायला घेतलं की दुसरी आत जायची. राणी मात्र कुंदाताईंचं दार वाजलं की अजून कान टवकारायची. बाई ते बघायच्या आणि मशीन जोरात चालवायच्या.

पण माप उतरत होतं. हळू, अगदी सुतासुताने. बरगडी बोटांना लागायला लागली, राणीचं पाय बदलणं थांबलं. बाईंनी तोंडाने कौतुक केलं नाही, पण दर रविवारी माप घेऊन झालं की त्या स्वतःसाठी दुसरा कप चहा करायच्या. त्यावरून मला कळायचं.

मग मुलुंडला बाईंच्या भाचीचं लग्न निघालं. घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज बाईंनीच शिवायचे म्हणून त्या आठवडाभर आधीच गेल्या. नेमकं त्याच सुमारास मारुतीला वरच्या वस्तीतलं मोठं काम मिळालं, विटांच्या गाड्याच्या गाड्या चढवायच्या होत्या. त्याला वाटलं, राणी आता बरीच उतरलीय, थोडं राहिलंय तेवढं झटक्यात उतरवू आणि कामाला जुंपू. त्याने तिला शेडमध्ये एकटीला बांधलं आणि पेंढा बंद केला. मी विचारलं तर "आराम करतेय" म्हणाला, आणि मला ते पटलं.

बाई रविवारी दुपारी परत आल्या. रिक्षातून त्यांची पिशवी मी उतरवून घेत होते. त्यांनी बदामाखाली बघितलं, झाडाखाली कुणी नव्हतं. तशाच लग्नातल्या साडीत त्या शेडकडे चालत गेल्या. राणी मान खाली टाकून उभी होती. मारुतीने एव्हाना घाबरून तिच्यापुढे पेंढ्याचा भारा टाकला होता, पण ती त्याला तोंड लावत नव्हती.

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"गुरुवारपासनं. पाणी देत होतो बाई, पाणी बरोबर देत होतो. मला वाटलं, पटकन होईल."

मी कान दाबायच्या तयारीत होते. पण बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी हळू आवाजात मला डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं, आणि त्या आवाजाची मला जास्त भीती वाटली.

डॉक्टर आले. रक्त काढून बघितलं, सलाईन लावलं. "व्हायला नको होतं तेच झालंय. मी माझं करतो, पण हिने तोंडाने खाल्लं तरच वाचेल. आज खाल्लं पाहिजे. काहीही चालेल आता."

"काहीही?"

"पाव, गूळ, बिस्किट, जे घेईल ते."

बाई घरी धावल्या. पाऊणशे वयाच्या बाईला धावताना मी तेव्हा पाहिलं. गुळाची ढेप आणली, बिस्किटाचे पुडे आणले, केळी, गाजरं, आल्याचा तुकडा. एकेक राणीच्या नाकाशी धरलं. राणीने तोंड फिरवलं. बेकरीवाला पाव घेऊन आला, पोरांनी आपापल्या घरून काय काय आणलं. ज्या-ज्या गोष्टीवर बाईंनी बंदी घातली होती ती सगळी शेडमध्ये मांडून झाली आणि राणी कशाकडे बघेना. शेडबाहेर गर्दी जमली होती. "डाएट करून मारली बिचारीला," असं मागून कुणीतरी बोललंच. बाईंना ते नक्की ऐकू गेलं. ज्या बाईचं माप उभ्या हयातीत चुकलं नाही तिच्या नावावर आता एक जीव जाणार होता, आणि मारुतीने काय केलं ते कुणी लक्षात ठेवणार नव्हतं.

बाईंनी गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली. त्यांचा गळा मोकळा मी त्याआधी पाहिला नव्हता. मग त्या सरळ चालत गेल्या आणि कुंदाताईंचं दार वाजवलं.

कुंदाताईंनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"राणी खात नाही," बाई म्हणाल्या.

"ऐकलं मी."

"पोळी करा. तूप लावा, गूळ घाला, घालत होतात तशी. आणि तुम्ही चला."

"आता आठवण झाली माझी?"

"झाली."

मला वाटलं, आता निदान चार वाक्यं तरी ऐकवतील. त्यांचा तो हक्कच होता. पण कुंदाताईंनी पदर खोचला आणि आत जाऊन गॅस पेटवला. बाई त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेल्या, मी दारात. कुंदाताई पोळी लाटत होत्या आणि बाई ओट्याशी उभ्या होत्या. तव्यावरची पोळी फुगली, कुंदाताईंनी ती ताटात घेतली आणि वर गूळ किसायला लागल्या.

"गूळ अजून घाला," बाई म्हणाल्या.

कुंदाताईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि अजून घातला.

शेडमध्ये कुंदाताई राणीपुढे जमिनीवरच बसल्या. कपाळाला हात लावला, घास तोडला. "खा गो बाय. मी आलेय, खा." राणीचा एक कान हलला. मग दुसरा. तिने घास हुंगला, ओठांनी ओढला आणि खाली पाडला. कुंदाताईंनी तोच उचलून पुसला आणि पुन्हा पुढे केला. या वेळी राणीने तो तोंडात धरला, आणि बऱ्याच वेळाने जबडा हलला.

"चावतेय," बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, आणि पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी पण रडले. मारुती तर हमसून हमसून रडत होता.

अर्धी पोळी गेली त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी एक. कुंदाताई दिवसातून तीनदा यायच्या आणि डॉक्टर रोज येऊन बघून जायचे. चार-पाच दिवसांनी बाईंनी पोळीच्या घासाभोवती पेंढ्याची काडी गुंडाळायला सुरुवात केली. मग काड्या वाढल्या, पोळी कमी झाली. शेवटी कुंदाताईंच्या हातात नुसता पेंढा असायचा आणि राणी तो त्याच मायेने खायची. डॉक्टरांनी एक दिवस तपासून सांगितलं की आता धोका नाही.

मारुतीला बाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्याच्या उरलेल्या सगळ्या गाढवांची मापं घेतली. मापाने राणी जितकी जास्त भरली होती तितकीच दोन गाढवं कमी भरली, पोत्याखालची त्यांची पाठ सोलवटलेली. बाईंनी जुन्या गोधड्यांच्या जाड गाद्या शिवल्या, प्रत्येकाच्या पाठीच्या मापाच्या, आणि त्या घातल्याशिवाय एकही पोतं वर जाणार नाही असं मारुतीला बजावलं. दोन्ही वाळक्या गाढवांचा खुराक वाढवायला लावला. राणी परत बदामाखाली आली आणि कायमची तिथेच राहिली.

कुंपणावरची पाटी बाईंनी स्वतः काढली. तिच्या जागी पेंढ्याची एक टोपली आली. देवळाबाहेर गाय घेऊन बसलेल्या बायकांकडून आपण चाऱ्याची पेंढी घेतो आणि गायीला घालून नमस्कार करतो ना, तसं आता गल्लीत कुणीही यावं, टोपलीतला मूठभर पेंढा घ्यावा आणि राणीला घालावा. बिस्किटवाली पोरं यायला लागली, बेकरीवालासुद्धा रिकाम्या हाताने यायला लागला. मी बाईंना एकदा चिडवलं, "काय बाई, पाटी कुठे गेली?"

"खाणं चुकीचं होतं," त्या म्हणाल्या. "येणं बरोबर होतं. मी दोन्ही एकाच कात्रीत कापलं."

दिवाळीच्या आधी त्यांनी मला कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. "समोर देऊन ये." आत गर्द हिरवा ब्लाउज होता, चापून-चोपून घडी घातलेला. कुंदाताई तो हातात घेऊन उलटसुलट बघत राहिल्या.

"माप कधी घेतलं गो हिनं माझं?"

घेतलं नव्हतं. टेप तर त्या दिवशी माझ्याच हातात होती. कुंदाताई आत जाऊन ब्लाउज घालून आल्या. खांदा खांद्यावर, गळा गळ्यावर. मग काय मनात आलं कोण जाणे, त्या ओट्याशी गेल्या, हात वर केला आणि वरच्या फळीवरचा लाडवांचा डबा अलगद खाली काढला. आमच्या गल्लीत बाईंचा ब्लाउज घालून असा डबा त्याआधी कुणीही काढलेला नव्हता. आम्हा दोघींनाही ते माहीत होतं. कुंदाताईंनी पदराने डोळे पुसले आणि चार लाडू बांधून माझ्या हातात दिले.

मी परत आले. बाई मशीनवर होत्या. मला राहवेना.

"बाई, ब्लाउज सैल झालाय."

त्यांनी मशीन थांबवलं नाही, मानही वर केली नाही.

"झालेला नाही," म्हणाल्या, "ठेवलाय. दोन बोटं."